तिसऱ्या रांगेतल्या मिशा

शेठने चाचांना फसवलं. हे आधीच लिहून टाकते. पुढे चाचांच्या गमती वाचताना तुम्ही हसाल, कदाचित मीही हसेन, आणि मग माझा राग निवला असं कुणाला तरी वाटेल. निवलेला नाही.

चाचांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एक डोळा मिटून ट्यूबलाइटकडे बघत होते. बोटांत निगेटिव्हची पट्टी, फक्त कडांना धरलेली. डाव्या हातात पांढरा सुती मोजा, उजवा हात उघडा. हा मोजा सकाळी दुकानात आल्यावर चढायचा आणि संध्याकाळी घरी निघतानाच उतरायचा. डावा हात फिल्मचा, उजवा दुनियेचा, अशी त्यांनी वाटणी केली होती. चहाचा कप उजव्या हाताने, सुट्टे पैसे उजव्या हाताने. पाठ खाजली तर तीही उजव्यानेच, मग कितीही वळावं लागो.

मोजे त्यांना विकत घ्यावे लागत नसत. आपल्याकडच्या निम्म्या कंपन्यांत तपासणीच्या कामाला असले मोजे वापरतात. पासपोर्ट फोटोला आलेला कामगार खिशातून एक नवी जोडी काढून टेबलावर ठेवायचा. चाचा त्यातला एक ठेवून घेत आणि दुसरा परत करत.

"अहो चाचा, दोन्ही ठेवा. सुती मोज्याला डावं-उजवं नसतं."

"मोज्याला नसेल. मला आहे."

पिंपरीच्या बाजारात मोबाइलचं कव्हर घ्यायला तुम्ही गेला असाल तर तुम्ही त्यांना पाहिलं असेल, आणि विसरलाही असाल. ते दुकान पूर्वी कलर लॅब होतं. चाचा तिथे प्रिंटिंगच्या मशिनवर होते, मिशी काळी होती तेव्हापासून पांढरी होईपर्यंत. मोबाइल आला, लॅब बसली, शेठने मशिन काढून कव्हर आणि काचा लावल्या. चाचांना जिन्याखाली एक टेबल दिलं. तिथे ते पासपोर्ट फोटो काढत, जुन्या कॅमेऱ्यांची बुरशी पुसत आणि कुणी निगेटिव्ह घेऊन आलं की सगळी कामं बाजूला सारत.

मी निगेटिव्ह घेऊन गेले होते. मी निघोज्याची. आई चाकणच्या कंपन्यांत काम करणाऱ्या पोरांसाठी मेस चालवते. दहावीपासून मेसचा कांदा-बटाटा मीच चाकणच्या बाजारातून आणते, त्यामुळे भाव करायला मी कुठल्या शाळेत शिकले नाही, कांद्याच्या ढिगावर उभी राहून शिकले. पहिला भाव ऐकून हसायचं, दुसरा ऐकून पाठ फिरवायची, तिसऱ्याला त्याने हाक मारली पाहिजे. या तीन पायऱ्यांवर मी कॉलेजची फी कमी करून घेतली आहे, स्कूटर घेतली आहे आणि आज तळवड्यात स्वतःचा गाळा चालवते आहे.

तेव्हा मी फोटोग्राफीच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. शेवटचं काम फिल्मवर करायचं होतं. फिल्म कॉलेजात धुऊन मिळायची, स्कॅन मात्र पुण्यातून करून आणायचं. एका रोलच्या स्कॅनिंगच्या पैशांत आमच्या मेसमध्ये एक माणूस आठवडाभर जेवतो. मी चिडले. कुणीतरी म्हणालं, पिंपरीत एक चाचा आहेत, त्यांच्याकडे स्वस्तात होईल.

"स्कॅन करून देता का?"

"स्कॅनर नाही बेटा. डोळा आहे." त्यांनी माझी पट्टी उजेडाला धरली. "ही आई तुझी. चिडली आहे."

निगेटिव्हमध्ये काळे केस पांढरे दिसतात आणि दात काळे. अशा भुतासारख्या चेहऱ्यावर राग कुठून दिसणार? मी तसं म्हटलं.

"राग चेहऱ्यात नसतो, कोपरात असतो. बघ, लाटणं कसं धरलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझंही कोपर तसंच आहे."

चाचांना माणसं अशीच उलटी ओळखू येत. समोरून आलेल्या माणसाकडे ते कोऱ्या नजरेने बघत, पण त्याची पट्टी हाती आली की त्याचं गाव, खातं, कुठल्या सणाला त्याने रोल टाकला होता, सगळं बाहेर पडायचं. मी कधी घाईत असले की म्हणायचे, "घाई तुला आहे, निगेटिव्हला नाही." हे वाक्य त्यांनी इतक्यांना ऐकवलं होतं की शेठचा मुलगा कव्हर काढता काढता त्यांची नक्कल करायचा.

माझी आणि चाचांची गाठ पक्की झाली ती माळ्यामुळे. दुकानाच्या माळ्यावर बेकरीच्या बिस्किटांचे अकरा पत्र्याचे डबे होते. त्यांत पाकिटं. लोकांनी लॅबमध्ये धुवायला टाकलेली आणि परत न नेलेली. मराठवाड्यातून, कोकणातून, उत्तरेतून आलेली माणसं. कुणाची कंपनी बंद पडली, कुणी गावी गेला तो गेलाच, कुणाकडे प्रिंटचे पैसे नव्हते. लॅब बंद झाली तेव्हा चाचांनी शेठकडे एवढंच मागितलं, की हे डबे राहू द्या. शेठ म्हणाला, "चाचा, माळा तुमचाच." हे त्याने चार माणसांत म्हटलं आहे. मी स्वतः दोनदा ऐकलं आहे.

चाचा त्या पाकिटांचे मालक शोधत. भाजी घेताना, रिक्षाच्या रांगेत, एखाद्याच्या कानाकडे किंवा उभं राहण्याकडे बघत आणि त्याला गाठत.

"तुमचं पाकीट पडून आहे आमच्याकडे."

एकदा एका निवृत्त सुपरवायझरला त्यांनी असंच धरून आणलं. ते गृहस्थ आधी नाहीच म्हणाले. पट्टी बघितल्यावर घाम पुसायला लागले. आजारी असल्याची चिठ्ठी देऊन ते लोणावळ्याला गेले होते, धबधब्यात उभे राहून फोटो काढले होते, आणि कंपनीतलं कुणी बघेल या भीतीने कधी न्यायला आलेच नव्हते.

"घेऊन जा आता," चाचा म्हणाले. "तुमचे साहेबही रिटायर झाले."

"साहेब झाले हो, पण बायकोलाही मी ड्युटीवर आहे असंच सांगितलं होतं."

आम्ही तिघं इतके हसलो की शेठने गल्ल्यावरून डोकं वर काढलं.

पण खरी अडचण तिथेच होती. सुपरवायझर म्हणाले, "चाचा, ही पट्टी नेऊन मी काय करू? मोबाइलवर पाठवता येईल का?" सगळे हेच विचारत. लोकांना फोटो हवा होता, पट्टी नको होती. चाचांकडे पाकीट होतं, माणूस सापडत होता, मधला पूल नव्हता. त्या दिवशी मीच बोलले. स्कॅनर मी घेते, ठेवायचा तुमच्या टेबलावर. माझं शेवटचं काम याच पाकिटांवर करते, आणि तुम्ही ज्याची पाकिटं आहेत त्याला मोबाइलवर पाठवा.  चाचांनी डाव्या हाताचा मोजा बोटाबोटाने ओढून नीट बसवला.

माझ्याकडे सहा हजार होते. सहा हजारांत फिल्मचा स्कॅनर घेणं म्हणजे काय, हे ज्याने घेतला त्यालाच माहीत. चाचांनी एकच परीक्षा ठरवली. शर्टच्या खिशात बटर पेपरच्या घडीत त्यांची एक निगेटिव्ह कायम असायची. एका कंपनीच्या प्रेस शॉपची, म्हणजे पत्रा दाबून भाग काढतात त्या खात्याची. खंडेनवमीला मशिनना हार घालून, नारळ फोडून, अख्ख्या शिफ्टने काढलेला फोटो. तेहतीस माणसं, तीन रांगा. पहिली बसलेली, दुसरी उभी, तिसरी बाकड्यांवर चढलेली. हेही न नेलेलं पाकीटच.

"तिसऱ्या रांगेतल्या मिशा मोजायच्या," चाचा म्हणाले. "अकरा आल्या तर मशिन घ्यायचं. त्या काळी मिशीशिवाय कुणी प्रेसवर उभा राहत नव्हता."

पहिली पाळी वर्गमैत्रिणीने ऑनलाइन मागवलेल्या छोट्या डबीची आली. वर पडदा, बटण दाबलं की फोटो तयार. मला आवडली. मैत्रीण ती साडेतीन हजारांत विकत होती, मी सत्तावीसशेपर्यंत आणली असती. चाचांनी निगेटिव्ह घातली, फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि मान हलवली.

"याने अख्ख्या तिसऱ्या रांगेची हजामत केली."

"पण डब्यावर केवढा आकडा लिहिलाय बघा ना."

"डब्यावर लिहायचं झालं तर मी माझं वय पंचवीस लिहीन. बेटा, हा स्कॅनर नाही. डबीत कोंबलेला स्वस्तातला मोबाइल आहे."

दुसरा पुण्यात एका हौशी माणसाकडे मिळाला. फक्त फिल्मसाठीच बनवलेला, जुना, वजनदार. मिशा अकरा, आणि एकाच्या खिशातलं पेनसुद्धा. पण तो त्याच माणसाच्या वीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरवरच चालत होता. त्याची वायर आजच्या कुठल्याच कॉम्प्युटरला लागत नव्हती. चाचा त्या मशिनवरून उजवा हात फिरवत म्हणाले, "घोडा अस्सल आहे. रस्ताच बुजवलाय लोकांनी."

तिसरा तळवड्यात. एक डिझाइनचं ऑफिस बंद होत होतं आणि सामान विकायला काढलं होतं. त्यात एक सपाट स्कॅनर होता, झाकणात दिवा असलेला. हे महत्त्वाचं. कागदाच्या साध्या स्कॅनरमध्ये उजेड खालून येतो, त्यावर निगेटिव्ह ठेवली तर काळी पट्टी मिळते. फिल्मला उजेड वरून, आरपार लागतो. झाकणातला दिवा बघितल्याशिवाय असलं मशिन कधी घेऊ नका, एवढं तरी या लेखातून घ्या.

चाचा माझ्या स्कूटरवर मागे बसले. मोजा मळू नये म्हणून डावा हात रस्ताभर वर धरलेला. मागचे टेम्पोवाले आम्ही डावीकडे वळणार समजून थांबायचे आणि आम्ही सरळ गेलो की शिव्या घालायचे. चाचा उजव्या हाताने त्यांना सलाम करत होते.

ऑफिसातले साहेब नऊ हजार म्हणाले. मी हसले. पहिली पायरी. चाचांनी निगेटिव्ह ठेवली, मशिन घरघरलं, पडद्यावर फोटो उमटला. तिसरी रांग मोठी केली. एक, दोन, तीन. अकरा. मधल्या माणसाच्या मिशीवर उजेडाची रेघ होती.

"तेल लावलंय," चाचा पुटपुटले. "त्या दिवशी तेल लावून आला होता हा." आणि मग, विकणाऱ्याच्या तोंडावर, अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, काय सुंदर मशिन आहे तुमचं!"

बाजार ज्याने केला आहे त्याला माझं दुःख कळेल. मालाची तारीफ करणारं गिऱ्हाईक म्हणजे स्वतःची मान कापून देणारा बोकड. साहेब खुर्चीत आरामात मागे टेकले. तरीही मी साडेसातपर्यंत आणलं. पाठ फिरवणार तेवढ्यात चाचा म्हणाले, "घे बेटा. वरचे मी घालतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "चाचा, माझ्या सौद्यात बोलू नका!"

मी ओरडले होते. ऑफिसातली माणसं वळून बघायला लागली. चाचांनी निगेटिव्ह बटर पेपरमध्ये गुंडाळली, खिशात ठेवली आणि माझ्या मागून जिना उतरले.

परत येताना अर्ध्या रस्त्यात ते बोलले. "काल शेठ टेप घेऊन माळ्यावर चढला होता. माप घेत होता."

"घेऊ दे की. माळा तुमचाच म्हणालाय ना?"

"म्हणालाय तर खरा."

तेवढ्यावर ते बोलणं थांबलं. मी थांबवलं. माझं लक्ष सौद्यात होतं.

बारा दिवस मी थांबले. ऑफिस रिकामं करायची त्यांना तारीख होती, मला नव्हती. साहेबांनी तीनदा फोन केला. सात, साडेसहा, आणि शेवटी अठ्ठावन्नशे, त्यात फिल्म धरायच्या दोन्ही चौकटी आणि मूळचं खोकं. असा सौदा मी तोवर कधी केला नव्हता. मंगळवारी सकाळी खोकं स्कूटरवर पायांत घट्ट धरून मी पिंपरीत पोचले, तेव्हा चाचांना काय काय ऐकवायचं याची उजळणी करत आले होते.

चाचा टेबलाशी बसले होते. मोजा होता, पण हातात काही नव्हतं. मी वर बघितलं. माळ्यावर मोबाइलच्या काचांची नवी खोकी, एकावर एक, छतापर्यंत.

शुक्रवारी दुपारी चाचा नमाजला जातात हे अख्ख्या बाजाराला माहीत आहे. शेठला तर सगळ्यांत जास्त. त्याच वेळात टेम्पो आला, अकरा डबे रिकामे झाले. फिल्ममधून चांदी काढणारे लोक असतात, हॉस्पिटलचे जुने एक्स-रे घेतात. अशाच एकाला शेठने सगळी पाकिटं वजनावर दिली होती.

"शेठ, कुणाला दिलीत?"

"अगं, कचरा होता तो. इतक्या वर्षांत कुणी नेला का?"

"कुणाला दिलीत, ते विचारतेय."

"नाव नाही माहीत. आला, घेऊन गेला. चाचांनाही मी तेच सांगितलं."

मी काउंटरवर चढून बसले. "मग मी इथेच बसते. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते की हे कव्हर तुम्हाला कितीला पडतं." शेठ हसला. पहिली बाई आली, तिने एक कव्हर उचललं, मी तिला घाऊक भाव सांगितला, ती कव्हर ठेवून गेली. दुसरीलाही सांगितला. तिसरी येण्याआधी शेठला नाव आठवलं, नंबर आठवला, गोदामाची गल्लीही आठवली.

चाचांना मागे बसवून मी स्कूटर तिकडे काढली. चिखलीच्या बाजूला पत्र्याचं गोदाम होतं. दारातच प्लॅस्टिकची पिंपं. त्यांच्या शेजारी सुकायला घातलेला ढीग, पारदर्शक, चकचकीत. जवळ गेल्यावर कळलं की त्या पट्ट्या आहेत. कडेची भोकं तशीच होती. पट्ट्यांच्या आत मात्र कुणीच उरलं नव्हतं.

भंगारवाला आमच्यावरच उखडला. "तुमचाच माल का? अहो, मलाच फसवलं शेठने. चांदी निघंल म्हणाला. रविवार सगळा धुण्यात गेला, चिमूटभर न्हाई निघाली."

"निघणारच नाही भाऊ," चाचा म्हणाले. आवाज अगदी साधा, लॅबमध्ये नव्या माणसाला काम शिकवावं तसा. "रंगीत फिल्ममध्ये चांदी राहतच नाही. आम्ही धुतो तेव्हाच निघून जाते. आत राहतो तो नुसता रंग. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कशात धुतलं?"

"कॉस्टिकमधी."

"मग हातात काहीतरी घालत जा. कातडी जाईल."

आणि दुपारी तीन वाजता, भर उजेडात, चाचांनी डाव्या हाताचा मोजा काढला आणि खिशात ठेवला. त्यांचा तो हात मी पहिल्यांदाच नीट पाहिला. उजव्यापेक्षा गोरा, मऊ, दुसऱ्याच कुणाचा असावा असा.

स्कूटरजवळ आल्यावर मी विचारलं, "शुक्रवारीच मला फोन का नाही केलात? नाव मी शनिवारी काढून घेतलं असतं. रविवारी त्याने धुतलं. आपण पोचलो असतो."

"तुझा सौदा चालू होता ना बेटा," चाचा म्हणाले. "एकदा मध्ये बोललो होतो मी."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना टोमणा मारता येतच नव्हता. म्हणून तर ते वाक्य आजही माझ्या छातीत तसंच अडकून आहे.

घरी आईला सगळं सांगितलं. तिने लाटणं थांबवलं नाही. "कांद्याला थांबलं की भाव पडतो, व्हय. पन फोटू काय कांदा हाय का गं?" मी जेवले नाही. माझ्या वाटणीची भाकरी तिने झाकून ठेवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

माझं शेवटचं काम मग एकाच निगेटिव्हवर झालं. जगात उरलेली तेवढीच होती, चाचांच्या खिशातली. मशिन चाचांच्या टेबलावर मांडलं, ती निगेटिव्ह जितकी बारीक येईल तितकी स्कॅन केली आणि तेहतीस चेहरे एकेक करून वेगळे काढले. प्रत्येकाखाली चाचांनी सांगितलेली ओळ. हा डाय, म्हणजे प्रेसचा साचा, बसवायचा. हा लातूरकडचा, घरी पाठवायला दर महिन्याला एक फोटो काढायचा. याचं बोट प्रेसमध्ये गेलं, म्हणून बघ, हात मागे लपवलाय. तिसऱ्या रांगेतला तेलवाला? त्याचं त्या दिवशी लग्न ठरलं होतं. चाचांना एवढं सगळं माहीत असूनही त्यांतला एकही माणूस पुढे त्यांना सापडला नव्हता. परीक्षकांनी मला पहिला नंबर दिला. चाचा प्रदर्शनाला आले, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि माझ्या भिंतीपुढे दीड तास उभे राहिले. कुणी विचारलं की सांगत, "मशिन हिने घेतलं. अठ्ठावन्नशेला. नऊ सांगत होता तो." माझा सौदा ते अभिमानाने सांगत होते. मी तोंड फिरवून उभी होते.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, शेठने जागा रिकामी केली, जागा त्याची, चूक झाली, सोडून दे. सोडलं असतं कदाचित. पुढचं ऐका.

ज्यांना चाचांनी रस्त्यात गाठून "तुमचं पाकीट आहे" असं सांगितलं होतं, ती माणसं आज ना उद्या येणारच होती. एकेक येऊ लागली. चाचा जागेवर नसले की शेठ त्यांना सांगायचा, "ती पाकिटं? चाचांनी विकली सगळी." मी हे माझ्या कानांनी ऐकलं, जिन्याच्या मागे उभी असताना. सामंजस्याने विचारायला गेले आणि भांडून बाहेर आले. तो म्हणाला, "अगं, त्यात काय एवढं? म्हातारा माणूस, त्याला कोण काय म्हणणार आहे?"

म्हणणारे म्हणालेच. भाजीच्या गाड्यावर एका बाईने चाचांना सगळ्यांदेखत विचारलं, "चाचा, माझ्या लेकराचा पहिला फोटो होता त्यात. किती मिळाले हो तुम्हाला?" चाचांनी तिला खरं सांगितलं नाही. शेठचं नाव घेतलं नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याचं नाव घ्यायचं नाही, असला त्यांचा हट्ट. "माफ करा," एवढंच म्हणाले. झालं, तिच्या लेखी गुन्हा कबूल.

त्यानंतर ते बाजारातून यायचे बंद झाले. मागच्या गल्लीने येत आणि टेबलाशी बसत. लोकांच्या कानाकडे, उभं राहण्याकडे बघणं थांबलं. मग एक दिवस मुलीकडे मिरजेला गेले. मशिन मी घेऊन जावं असा निरोप ठेवला होता. मागच्या हिवाळ्यात तिथेच वारले. मला आठ दिवसांनी कळलं. जिन्याखाली आता चार्जरचं कपाट आहे.

मी तळवड्यात गाळा घेतला. लोकांच्या घरातल्या जुन्या निगेटिव्ह मोबाइलवर उतरवून देते, कंपन्यांच्या मालाचे फोटो काढते. काम बरं चाललंय. माझ्याकडे पिंपरीची माणसं येतात, गप्पा निघतात, आणि अजूनही कुणीतरी म्हणतंच, "ते चाचा ना? माणूस चांगला होता, पण लोकांचे फोटो विकले म्हणतात."

बारा दिवसांचा हिशेब माझा आहे. तो मी इथे, सगळ्यांसमोर, माझ्या नावावर लिहून दिला. थांबले मी, ओरडले मी. कुणी विचारलं तर असंच सांगेन.

आता तुमचं, शेठ. पैसे मागत नाही. माफीही मागत नाही, ती ज्याला मागायची तो गेला. मला एक पाटी हवी आहे, दुकानाच्या दर्शनी भागावर, कव्हरांच्या वर, येणाऱ्याला न वाकता वाचता येईल अशी. "लोकांची पाकिटं आम्ही विकली. चाचांनी नाही." खाली तुमची सही. यात एक शब्द कमी होणार नाही आणि यावर घासाघीस चालणार नाही. पाटी मी रंगवून आणते. खिळा तुम्ही ठोकायचा. कुठल्या दिवशी ठोकता, तेवढं सांगा.